सूर्य होणारा साहेब

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. आमच्या पूनम सागर सोसायटीच्या बागेत सकाळी फिरायला गेलो, तर टाय लावलेला एक गृहस्थ गवतावर पडून थडथडत होता. फीट आली असं समजून मी चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. तो ताडकन उठला.

"काका, मी प्रॅक्टिस करतोय!"

तो औषध कंपनीत मोठा साहेब होता. आफ्रिकेतल्या खेड्यांत मलेरियाच्या गोळ्या पोचवण्यात त्याची अर्धी नोकरी गेली होती. भाषा कळत नसे तिथे तो अभिनय करून डोस समजावायचा. थडथडला की ताप, हात पसरून उठला की सूर्य, म्हणजे सकाळची गोळी.

"खोकं पोचलं म्हणजे औषध पोचलं असं नाही," तो म्हणाला. "शेवटची गोळी पोटात गेली पाहिजे."

पुढच्याच आठवड्यात माझ्या आईला मलेरिया झाला. ताप उतरताच तिने गोळ्या बंद केल्या. कोणाचंच ऐकेना, म्हणून मी त्या साहेबाला बागेतून घरी आणलं. तो हॉलमध्ये थडथडला, तीनदा सूर्य होऊन उगवला आणि खोटी गोळी गिळली. आई पोट धरून हसली.

"सूर्य बरा करतोस, पण गोळी घेताना एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतोस. मग कोण घेईल? हसत घे."

त्याने ते डायरीत लिहून घेतलं आणि पुन्हा गिळून दाखवलं. चौथ्या खेपेला आई "आता जमलं" म्हणाली आणि तिने स्वतःची खरी गोळी घेतली.

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आई मात्र शेजारणींना सांगायची, "आफ्रिकेतला मलेरिया कमी झाला ना, तर त्यात आपला पण हात आहे."