उसनी शांतता

राष्ट्रीय वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रण विभागात त्यांना सगळे टाकेबाई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर असेल, पण ते कुणाच्या तोंडी कधी आलं नाही. काम टाके घालायचं, म्हणून टाकेबाई. ऐंशी-नव्वद माणसं एकत्र बसून मोठी रचना वाजवणार म्हटल्यावर कुठे तरी कुणाची तार घसरायची, कुणाला ऐन वेळी शिंक यायची. मग तेवढा तुकडा पुन्हा वाजवायचा. दोन्ही फिती टाकेबाईंच्या टेबलावर यायच्या. त्या फीत हातानं मागे-पुढे सरकवत, डोळे मिटून नेमकी जागा हेरायच्या, ब्लेडनं तिरका छेद द्यायच्या आणि चांगला तुकडा वाइटाच्या जागी चिकटवून टाकायच्या. एका बुजुर्ग व्हायोलिनवाल्यानं स्वतःचीच तबकडी ऐकून म्हटलं होतं, "बाई, मी इतकं बरं वाजवतो हे मला तुमच्याकडून कळलं."

जुन्या लोकांना मात्र हे पटत नसे. त्यांच्या उमेदीत सुई थेट तबकडीवर कोरत जायची. चूक झाली की तबकडी बाद, आणि पुन्हा पहिल्या सुरापासून सगळ्यांची सुरुवात. "आमच्या वेळी हातापायाला घाम सुटायचा," ते म्हणायचे. "आता काय, झोपेत वाजवा. टाकेबाई जागं करतील."

टाकेबाई हसायच्या. त्यांचा खरा जीव होता शांततेवर. रचनेचा एक भाग संपून दुसरा सुरू होण्याआधी थोडी शांतता लागते. तिथे कोरी फीत जोडून चालत नाही. ऐकणाऱ्याला एकदम पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं होतं. सभागृहाच्या शांततेला वजन असतं. त्यात लाकूड असतं, जाड पडदे असतात, इतक्या माणसांचे कपडे आणि त्यांची वाट पाहणं असतं. म्हणून मुद्रणाच्या आधी टाकेबाई काचेमागच्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर सांगायच्या, "शांतता घेतेय." सगळे पुतळ्यासारखे बसायचे आणि आधीच सुरू केलेलं यंत्र फिरत राहायचं. मग त्या म्हणायच्या, "झालं." की लगेच खोकले, खुर्च्यांची करकर आणि दाबून धरलेले विनोद एकदम बाहेर पडायचे.

या शांततेतच त्यांचं लग्न जमलं. क्लॅरिनेट वाजवणारा एक उंच, हाडकुळा माणूस होता. लहानपणी पडून त्याच्या नाकाचं हाड वाकलं होतं आणि नाकानं श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजायची. वाद्यवृंदात त्याला शिट्टीच म्हणत. पहिल्याच आठवड्यात टाकेबाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं, "क्लॅरिनेट, तुमचं नाक वाजतंय."

"बाई, त्याला कुणी बसायला सांगितलेलं नाही. ते आपणहून वाजवतं," तो म्हणाला.

त्या दिवशी शांतता घेता घेता तीनदा हसू फुटलं. पुढे त्यानं एक युक्ती काढली. "शांतता घेतेय" ऐकलं की एकदाच नाकानं मोठा श्वास घ्यायचा आणि "झालं" येईपर्यंत धरून बसायचं. शिट्टी फितीच्या अगदी सुरुवातीला यायची. टाकेबाई तेवढा तुकडा कापून केरात टाकायच्या.

"तुमचा श्वास रोज कापते मी," त्या घरी म्हणायच्या.

"कापा. फक्त घेतलेलाच कापा. सोडलेला माझा मला राहू दे," तो म्हणायचा आणि लेकीला खांद्यावर घेऊन घरभर नाकानं शिट्ट्या वाजवत फिरायचा.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी एका संथ रचनेचं मुद्रण होतं. तिची सुरुवात एकट्या क्लॅरिनेटनं व्हायची. टाकेबाईंनी शांतता मागितली. बारीकशी शिट्टी वाजली, यंत्र फिरत राहिलं. त्या सकाळी शांतता अशी काही लागली की विचारू नका. ना कुठला नळ, ना खुर्ची, ना कुणाचं पोट. नटाला टाळीचा मोह असतो, तसा टाकेबाईंना या गोष्टीचा होता. त्यांनी फीत नेहमीपेक्षा थोडी जास्त चालू दिली. मग म्हणाल्या, "झालं."

सभागृहानं सुस्कारा सोडला. संचालकानं हात उचलला, खाली आणला. क्लॅरिनेट वाजलं नाही. शिट्टी ताठ बसला होता, वाद्य ओठांशी, डोळे उघडे. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा तो तसाच, बसल्या आकारात, बाजूला कलला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. श्वास धरण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, असंही त्यांनी आपणहून सांगितलं. टाकेबाईंनी मान डोलावली. संबंध आहे का, असं त्यांनी विचारलंच नव्हतं.

काही दिवसांनी तीच रचना दुसऱ्या वादकाला बसवून पुरी केली. "बाई, आज शांतता घेणं राहू द्या," संचालक खाली बघत म्हणाले. जोडणीला बसल्यावर मात्र शांतता हवीच होती, आणि त्या सभागृहाची, तशाच मांडणीची, एकच फीत हाताशी होती. टाकेबाईंनी ती घेतली. ब्लेड उचललं, शिट्टीवर टेकवलं आणि बाजूला ठेवून दिलं. त्या तुकड्याची प्रत काढून ती त्यांनी शिट्टीसकट जोडली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या मुद्रणाला वादकांनी शांतता दिली, पण टाकेबाईंनी ती वापरली नाही. जुन्या फितीची प्रत काढून तीच जोडली. त्याच्या पुढच्या वेळीही तेच केलं. वाद्यवृंद परदेशात गाजला, संचालक बदलले, सभागृहात नवीन खुर्च्या आल्या, तबकड्यांवर तबकड्या निघत राहिल्या, आणि प्रत्येकीत दोन भागांच्या मधे तो माणूस बसलेला असे. घरी टाकेबाई त्या तबकड्या कधी लावत नसत. नुसतं माहीत असणं पुरायचं. फिती जाऊन संगणक आले तेव्हा टाकेबाई निवृत्त झाल्या. लेक तोवर वडिलांच्या जागी बसून क्लॅरिनेट वाजवू लागली होती.

मग एका दुपारी त्यांना बोलावणं आलं. वाद्यवृंदाची सगळी जुनी मुद्रणं धुऊन-पुसून नव्यानं बाहेर काढायची होती. ते काम करणाऱ्या, पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थांना सगळे सफाईमास्तर म्हणत. तालीम संपवून लेकही आईबरोबर आली, क्लॅरिनेटची पेटी काखेत घेऊन. काचेमागची खोली तीच होती. टेबल मात्र नवं होतं, त्यावर ब्लेड नव्हतं.

"बाई, एक गोष्ट ऐकवतो. रागावू नका," मास्तर म्हणाले आणि त्यांनी त्या संथ रचनेचं मुद्रण लावलं. पहिला भाग संपला. बारीक शिट्टी वाजली.

टाकेबाईंच्या चेहऱ्यावर लाज आणि आनंद एकदम आले. "तो श्वास मी ठेवलाय."

"आई," लेक म्हणाली.

"एवढंच असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता," मास्तर म्हणाले. "आता हे बरंच नंतरचं." पुन्हा तोच श्वास. पण जड. जिना चढून आलेल्या माणसाचा.

"प्रतीवरून प्रत काढली की झिजते," टाकेबाई म्हणाल्या.

"झिजली की खरखर वाढते, बाई. आतला माणूस म्हातारा होत नाही." मास्तरांनी आणखी एक लावलं. "आणि हे गेल्या वर्षीचं. तुम्ही निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षांनी केलेलं. यात फीत नाही, जोड नाही, उसनी शांतता नाही."

वाद्यं हळूहळू मिटत गेली. क्लॅरिनेट सुरू व्हायच्या अगदी आधी नाकातली ती शिट्टी आली, फाटकी, म्हाताऱ्याची.

लेकीचा हात पेटीवर घट्ट झाला. "हे माझा सूर सुरू होण्याच्या अगदी आधीचं आहे. पण हा श्वास माझा नाही. मी तोंडानं घेते."

"म्हणूनच विचारतोय," मास्तर म्हणाले. "मी पुसून पाहिलं. एका मुद्रणातून पुसलं की दुसऱ्यात जास्त जोरात येतो. शप्पथ सांगतो, मला आता या खोलीत एकट्यानं बसवत नाही. पुढचं ऐका." त्यांनी आवाज वाढवला. शिट्टीनंतरच्या शांततेत काहीतरी ताणलेलं होतं. गळ्यापाशी कापड आवळावं तसं. खुर्चीचं लाकूड कुरकुरत होतं. पाण्याखाली तोंड धरलेल्या माणसाची धडपड असते, तशी धडपड, पण अगदी शिस्तीत, आवाज होऊ नये याची काळजी घेत.

टाकेबाई किती तरी वेळ तशाच ऐकत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "सोडत नाहीयेत."

"काय?"

"श्वास. घेतलेला ऐकू येतो. एकाही मुद्रणात सोडलेला ऐकलात?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. "नाही," ते म्हणाले.

"ते धरून बसलेत. मी 'झालं' म्हणेपर्यंत धरायचा, असं ठरलेलं." टाकेबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी जास्त वेळ लावला. आणि नंतर ती शांतता संपूच दिली नाही. प्रत्येक तबकडीत पुन्हा सुरू करत राहिले."

"तू बाबांना कोंडून ठेवलंस," लेक म्हणाली.

"जवळ ठेवलं, असं वाटलं मला."

"तुझ्या जवळ. त्यांचं काय?"

टाकेबाईंनी मास्तरांना खुणेनं सभागृहाचा ध्वनिक्षेपक चालू करायला सांगितलं. काचेपलीकडे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. त्या पुढे वाकल्या आणि कामावर असताना म्हणायच्या त्याच सुरात म्हणाल्या, "झालं." मग थोडं थांबून, घरातल्या आवाजात, "अहो, झालं. सोडा आता."

मास्तरांनी पुन्हा मुद्रण लावलं. शिट्टी वाजली. मागोमाग तीच धडपड, उलट अधिक घाईची. टाकेबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना एकदम सगळं वय जाणवलं.

"आई, ते तुझ्या 'झालं'साठी थांबलेले नाहीत," लेक म्हणाली. ती पेटी उघडून क्लॅरिनेटचे तुकडे जोडत होती. "ते वाजवायला बसले होते. संचालकानं हात खाली आणला आणि त्यांचा सूर आलाच नाही. विंगेत उभ्या माणसाची एंट्री चुकली तर तो काय करेल? तिथेच उभा राहील. मास्तर, जुनी मूळ फीत आहे?"

"आहे."

"ती आत सभागृहात लावा. मोठ्यानं."

"अगं, क्लॅरिनेटचा तो पहिला टप्पा केवढा लांब आहे," टाकेबाई म्हणाल्या. "त्या नवीन वादकानंही मधे चोरून श्वास घेतला होता. मी तो टाका घालून लपवला."

लेक दारापर्यंत गेली होती. "मग आज लपवू नकोस," ती म्हणाली.

ती सभागृहात जाऊन त्या जागेवर बसली. दुपारचं ऊन वरच्या खिडक्यांतून खुर्च्यांवर पडलं होतं, कुठेच काही भयंकर नव्हतं, आणि तरी मास्तरांनी दोनदा मागे वळून पाहिलं. फीत फिरू लागली. टाकेबाईंचा तरुणपणीचा आवाज भल्या मोठ्या सभागृहात घुमला, "शांतता घेतेय." मग ती शिट्टी वाजली, तरुण, खोडकर. मग ती सकाळ, तिच्या सगळ्या वजनासह. काचेपलीकडे लेक हललीही नाही. टाकेबाईंनी टेबलाची कड धरली. फीत चालत राहिली, जितकी त्या दिवशी चालली होती तितकी, आणि हे इतकं लांब होतं हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

"झालं," फितीतली बाई म्हणाली.

क्लॅरिनेट वाजलं. खालच्या अंगाचा तो सूर, मातीतून वर यावा तसा. तो चढला, वळला, पुन्हा खाली आला, आणि जिथे सगळे वादक तोडतात तिथे तुटला नाही. टाकेबाईंचा कान सवयीनं त्या जागेवर गेला होता. तिथे ब्लेड टेकवायला फट नव्हती. सूर पुढे गेला, बारीक झाला, धाग्याएवढा उरला. तो संपला तेव्हा सभागृहाच्या सगळ्या बाजूंनी एक लांब निःश्वास आला. पडदे किंचित फुगले आणि बसले.

मास्तरांनी घाईघाईनं मुद्रणं लावायला घेतली. गेल्या वर्षीचं लावलं. काही नाही. मधलं लावलं. काही नाही. टाकेबाई म्हणाल्या, "पहिलं लावा." संथ रचनेचा पहिला भाग संपला, दुसऱ्याच्या आधी सभागृह होतं, लाकूड होतं, माणसं होती. शिट्टी नव्हती.

"पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या. मास्तरांनी लावलं. मग त्यांनी न सांगताच आणखी एकदा लावलं.

"राहू द्या," टाकेबाई म्हणाल्या. उठताना त्यांना काठीसारखा मास्तरांचा हात धरावा लागला.

लेक अजून त्या खुर्चीवरच होती, क्लॅरिनेट मांडीवर, चेहरा पांढराफटक. टाकेबाई वादकांच्या खुर्च्यांमधून वाट काढत तिच्याजवळ गेल्या. "एका दमात वाजवलंस," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांनाही नेहमी जमायचं नाही."

लेकीनं वर पाहिलं.

"आई, फीत सुरू झाल्यापासून मी श्वास घेतलाच नव्हता. भीतीनं विसरले. आत काहीच नव्हतं माझ्या."

टाकेबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ थंडगार होती.

"मग आता घे," त्या म्हणाल्या.