झाकणाच्या आतली खूण

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी फारसा पडला नाही. मला प्रश्न पडत ते चाकांचे. पांढुर्ण्याला आमचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान, वडिलांनी टाकलेलं. बंद घड्याळ समोर आलं की ते का थांबलं हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नसे. माणसांना प्रश्न विचारायचे म्हटलं की मात्र माझी जीभ जड होई. समोरचा आपल्याला अडाणी म्हणेल, ही भीती. या एका खोडीपायी माझा उजवा डोळा जाता जाता राहिला.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडची बरीच माणसं आखातात जात होती. मीही दोन वर्षं मस्कतला एका घड्याळाच्या दुकानात कामाला होतो. परतायच्या महिनाभर आधी उजव्या बाजूचा वरचा सुळा ठणकू लागला. तिथल्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो. माणूस उंच आणि मऊ आवाजाचा होता. माझ्या तोंडात केसाएवढ्या बारीक सुया घालून तो दाताचं मूळ साफ करत होता, आणि मी त्या सुयांकडेच बघत होतो. इतक्या बारीक पोलादाला पीळ कसा देत असतील, याचं मला नवल वाटत होतं. तो मध्येच थांबला आणि इंग्रजीत बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. मी मान डोलवत म्हटलं, ‘येस सर, येस सर.’ त्यानं वर सोनेरी टोपी बसवली आणि मी गावी आलो.

गावात त्या टोपीचा भाव काही विचारू नका. लोक घड्याळ दाखवायचं निमित्त करून दात बघायला येत, आणि मीही हसताना ओठ जरा जास्तच वर नेत असे. चार महिन्यांनी नाकाच्या बाजूला सूज आली. ती गालावरून डोळ्याखाली चढली. एका सकाळी कामाला बसलो, नेहमीसारखं भिंग उजव्या डोळ्यात धरलं आणि ते टपकन खाली पडलं. सुजेमुळे त्याला आधारच मिळेना. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला दरदरून घाम फुटला.

गावातल्या दातवाल्यानं बाहेरदेशच्या कामाला हात लावायला नकार दिला, म्हणून नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. “मुळात काहीतरी धातूचं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “टोपीला आधार म्हणून मुद्दाम बसवलेली खिळी आहे की तुटलेली सुई, ते यावरून सांगता येत नाही. सुई असेल तर छोट्या चिरेतून निघेल, पण खिळी असेल तर हाड कापून दात काढावा लागेल. विष डोळ्याकडे सरकतंय, फार दिवस थांबता येणार नाही. ज्यानं काम केलं त्याचा काही कागद आहे का?”

“कागद कुठला,” मी म्हणालो. “त्यानं काही सांगितलंसुद्धा नाही.”

हे मी अगदी ठासून सांगितलं. त्याआधी महिनाभर गावभर हेच सांगत फिरलो होतो. बाईंनी आठवड्याचं औषध दिलं आणि गुरुवारी ऑपरेशनसाठी यायला सांगितलं.

मधल्या मंगळवारी बायकोनं जामसांवलीला चलण्याचा हट्ट धरला. तिचं माहेर तिथून जवळच मोहगावचं, त्यामुळे तिथल्या देवळातल्या हनुमानजींवर तिचा जीव. मी सौसरच्या बसमध्ये बसलो, कारण घरी बसून आरशात सूज बघण्यापेक्षा ते बरं होतं. जामसांवलीचे हनुमानजी निजलेले आहेत. इतर ठिकाणी ते उभे असतात, मग इथंच का निजले, हा माझा जुना प्रश्न त्या दिवशीही डोक्यात आला. पुजाऱ्यानं तीर्थ देताना काहीतरी सांगितलं. मी सवयीनं मान डोलवली आणि पुढे सरकलो. काय मागायचं तेही सुचलं नाही.

बाहेर झाडाखाली बसलो. प्रसादाचं खोबरं मी डाव्या दाढेनं हळूहळू चघळत होतो. शेजारी बोरगावचे एक म्हातारे निवृत्त मास्तर येऊन टेकले. त्यांनी वेळ विचारली, आणि आपलं घड्याळ बंद पडल्याचं सांगितलं. बायको लगेच म्हणाली, “द्या जी इकडं, आमच्या घरी हाच धंदा आहे.”

झाकण उघडायची सुरी आणि भिंग माझ्या पिशवीत कायम असतंच. उजव्या डोळ्यात भिंग राहीना, म्हणून डाव्यात धरलं. मांडीवर रुमाल पसरून झाकण उघडलं आणि माझा हातच थांबला. आमच्या धंद्यात घड्याळ उघडणारा झाकणाच्या आत टोकदार सुईनं आपली बारीक खूण आणि तारीख कोरतो. पुढच्याला कळावं, आधी कोण आत गेलं होतं. त्या झाकणावर तीन खुणा होत्या. मधली माझ्या वडिलांची होती. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या हाताचा तो तिरपा सात मी अंधारातही ओळखला असता. डोळे भरून आले आणि मास्तरांना मी सगळं सांगून टाकलं. खुणांची रीत सांगितली, दाताचं आणि गुरुवारचंही सांगितलं.

मास्तरांनी झाकण हातात घेतलं. मग अगदी सहज म्हणाले, “काहून भाऊ, तुमी इतक्याशा घड्याळात लिवून ठेवता, अन् तो एवढा शिकेल डाक्टर काहीच लिवून ठेवत नसन का? नीट पाहेलं का तुमी?”

मी “पाहिलं ना” म्हणायला तोंड उघडलं आणि मला एक खाकी पाकीट आठवलं. निघताना नर्सनं ते हातात दिलं होतं. दवाखान्याची जाहिरात असेल, असं समजून मी ते न उघडता सामानात टाकलं होतं. घड्याळ माझ्याकडेच राहू द्या, असं म्हणत मी उठलो. मास्तर म्हणाले, “राहू द्या ना. मी दर मंगळवारी येऊनच राहिलो इथं.” अनोळखी, सुजक्या तोंडाच्या माणसावर त्यांनी एवढा विश्वास टाकला.

घरी ते पाकीट मस्कतहून आणलेल्या टेपरेकॉर्डरच्या खोक्यात, थर्माकोलखाली सापडलं. आत दाताच्या एक्स-रेची छोटी काळी फिल्म आणि इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी. फिल्म खिडकीपाशी धरली. मुळाच्या टोकाशी सुईचा तुकडा होता, आणि त्याकडे बाण काढलेला होता. गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी मराठीत वाचून दाखवली. सुईचं टोक आत तुटलं आहे. तीन महिन्यांत पुन्हा दाखवावं. सूज आल्यास वरून हिरडी उघडून काढता येईल. शेवटचं वाक्य वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “रुग्णाला हे सर्व सांगितलं आहे आणि आपल्याला समजलं असं तो म्हणाला आहे.”

बायको शेजारीच उभी होती. मला इतकी लाज वाटली की भूल द्यायच्या आधीच गाल बधिर झाला. ज्याला गावभर फसवा म्हटलं, त्या माणसानं आपली चूक झाकली नव्हती, उलट बाण काढून दाखवली होती. मीच पाकीट उघडलं नव्हतं.

हाड कापावं लागलं नाही. छोट्या चिरेतून तुकडा निघाला. बायकी घड्याळाच्या सेकंदकाट्याहून लहान. पंधरा दिवसांत भिंग उजव्या डोळ्यात पुन्हा बसलं, आणि त्या डोळ्यानं मी पहिलं घड्याळ मास्तरांचं दुरुस्त केलं. वडिलांच्या खुणेशेजारी माझी खूण कोरली. मंगळवारी ते त्याच झाडाखाली बसले होते. घड्याळ कानाला लावून त्यांनी फक्त “चालून राहिलं” एवढंच म्हटलं. त्यानंतर मी मस्कतच्या डॉक्टरला माफीचं पत्र लिहिलं, आणि ज्या ज्या ओट्यावर बसून त्याला नावं ठेवली होती, तिथं तिथं जाऊन खरं काय ते सांगितलं.

मास्तर कुठूनही आले असते आणि त्यांचं घड्याळ कुठेही बंद पडलं असतं, हे मला कळतं. तरी त्या दिवशी, त्या झाडाखाली, वडिलांची खूण घेऊन ते माझ्याच शेजारी का टेकले, याचं उत्तर मला कुठल्याही चाकात सापडलेलं नाही. ते सापडावं असा हट्टही आता उरला नाही. शरण जाणं म्हणजे काय ते मोठी माणसं जाणोत. मला एवढंच साधलं आहे की हनुमानजींपुढे मी आता मान डोलवत नाही. हात जोडतो आणि खरं ते सांगतो: देवा, मला समजलं नाही. पुन्हा सांग.