तीन मजल्यांची एक फाइल

पंपांच्या त्या कारखान्यात तिला सगळे पुस्तकताई म्हणत. पंपाच्या खोक्यात जे माहितीपुस्तक घालतात, जे कुणी वाचत नाही आणि पंप बंद पडला की सगळे शोधतात, ते ती लिहायची. काम तसं बैठं, पण बाईचा पाय एका जागी ठरत नसे. त्याला कारण होतं युनिक्स, म्हणजे कॉम्प्युटर ज्यावर चालतात ती प्रणाली.

वरच्या मजल्यावर ड्रॉइंगच्या साहेबांकडे महागडी मशिनं होती, बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं युनिक्स असलेली. मधल्या मजल्यावर टेस्टिंगच्या काकांनी बीएसडी नावाचं फुकटातलं युनिक्स स्वतःच्या हातानं बसवलं होतं आणि त्याला ते पोटच्या पोरासारखं जपत. तळाला स्टोअरच्या वहिनींकडे लिनक्स. तिन्ही एकाच घराण्यातली, म्हणूनच बहुधा एकमेकांशी पटत नव्हतं. वर लिहिलेलं मध्ये उघडलं की तक्ते विस्कटायचे आणि मधलं खाली उघडायचंच नाही. एकदा एक रकाना असा सरकला की एका गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, "बाई, एका नटात दोन लिटर तेल कसं मावतं?"

त्यामुळे ताई प्रत्येक मजल्यावर जाऊन, तिथल्या माणसाशेजारी बसून मजकूर दुरुस्त करायची. हात कामात असले तरी तोंडाला काही कुलूप नसतं. निवृत्तीनंतर कुठे राहायचं यावरून बायकोशी काय वाजलं, ते साहेब तिला सांगत. दिवसभरात चार शब्द न बोलणारे काका मुलीची पोहण्याची शर्यत पहिल्या उडीपासून सांगत. वहिनींना तर विषयही लागत नसे. संध्याकाळी हे सगळं ताईच्या सासूबाईंपर्यंत पोहोचायचं. त्या माणसांना कधी पाहिलं नसूनही त्या प्रत्येकाची बाजू घेऊन भांडायच्या.

एक दिवस मॅनेजरसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बोलणं मोजकं, टेबल लख्ख, समोरची खुर्ची बहुतेक वेळ रिकामी, असा तो माणूस. "ताई, तिन्ही युनिक्सवर चालेल असं लिहायचं एकच सॉफ्टवेअर निवडा. तुम्हीच निवडा. त्या तिघांना विचारलं तर वर्षभर सभाच चालतील."

पण विचारलं नाही म्हणून गप्प राहतं कोण? ड्रॉइंगच्या साहेबांना आपलंच सॉफ्टवेअर हवं होतं, जे त्यांच्या मशीनखेरीज कुठे चालतच नव्हतं. काका म्हणाले, "साधा मजकूर ठेवा आणि मथळ्यांना खुणा घाला. कुठेही उघडेल." त्यावर वहिनी म्हणाल्या, "मी पत्र लिहू की कोडी घालू?"

ताईनं कुणाशी वाद घातला नाही. तिन्ही युनिक्ससाठी मिळेल असं एक फुकट सॉफ्टवेअर तिनं शोधलं, तिन्हीकडे बसवलं आणि सगळ्यात किचकट पुस्तक त्यावर चढवलं, तक्ते, तळटीपा, आकृत्यांसकट. उघडलं तर सगळीकडे, पण पानं मात्र प्रत्येक मजल्यावर वेगळ्याच ठिकाणी तुटत होती. दोन दिवस डोकं खाजवल्यावर तिला कळलं की दोष सॉफ्टवेअरचा नाही, प्रत्येक मशीनवरचे फॉन्टच निराळे आहेत. तिनं एकच फॉन्ट तिन्हीकडे टाकला, आणि शेवटचं पान तिन्ही मजल्यांवर एकाच ओळीवर संपलं. या वयात ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली.

त्या रात्री जेवताना सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "म्हणजे आता तुला जागेवरून उठायलाच नको." ताईचा घास हातातच राहिला. ज्या फांदीवर बसायचं तीच आपण तोडली, हे तिच्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं.

झालंही तसंच. फाइली आपल्या आपण तिच्या खोलीत येऊ लागल्या, नीटनेटक्या आणि मुक्या. आठवडा तिनं कसाबसा ढकलला. तिला त्या माणसांची फार आठवण यायची, आणि कामाशिवाय कुणाच्या टेबलाशी जाऊन कसं बसायचं तेही कळेना. घरी सासूबाई विचारत, "त्या मुलीचा नंबर आला का गं?"

मग काकांचा फोन आला. "ताई, फाइल उघडत नाहीये."

ती धावत गेली. फाइल पडद्यावर उघडीच होती, शिवाय तिची छापील प्रत प्रिंटरमध्ये गरम होती. काकांनी नजर चुकवत खुर्ची पुढे सरकवली. ताई बसली, उगाच दोन बटणं दाबली आणि म्हणाली, "वेळ लागेल हं. शर्यतीचं काय झालं?"

पुढे ड्रॉइंगच्या साहेबांना फॉन्ट तिरका दिसायला लागला. वहिनींनी तर बहाणाही शोधला नाही. म्हणाल्या, "काहीतरी बिघडलंय, काय ते तू आल्यावर ठरवू."

मॅनेजरसाहेबांनी पुन्हा बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. "रोज तक्रारी येताहेत. हे सॉफ्टवेअर काढून टाकावं म्हणतो."

गप्प बसावं तर एवढं चांगलं काम मातीत जाणार होतं, आणि खरं सांगावं तर मजले कायमचे बंद. तिनं मान वर केली.

"साहेब, सॉफ्टवेअरला धाड भरलेली नाही. मी येऊन बसावं म्हणून ते थापा मारतात. मला ते ठाऊक आहे, तरी मी जाते. मला तिथे जायला आवडतं."

मॅनेजरसाहेबांनी आपला पडदा हळूच तिच्याकडे वळवला. नव्या पंपाचं पुस्तक त्यावर स्वच्छ उघडलेलं होतं.

"आलाच आहात तर हेही बघून जा," ते म्हणाले. "माझ्याकडेही उघडत नाहीये."

ताईनं पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि समोरची खुर्ची ओढून घेतली.

"कधीपासून?"

"झाली असतील," साहेब म्हणाले, "पाच-सहा वर्षं."