माणसाची येळ

मी मामांचा आयडी कायमचा बंद केला. चुकून बोट लागलं असतं तर सांगायला तरी तोंड राहिलं असतं. मी तो चहा पिऊन, चष्मा पुसून, नीट विचार करून बंद केला.

शाहूपुरीत एका मोठ्या पार्सल कंपनीचं गोदाम आहे. गोदाम म्हटलेलं कंपनीला आवडत नाही, हब म्हणायचं. मी त्या हबाचा टीम लीडर. पुण्यात चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, गळ्यात पट्टा अडकवून घरी आलो, तेव्हा आईनं पट्ट्याकडे बघून विचारलं, "कुणी बांधलं रं तुला?" मला राग आला होता. आता वाटतं, प्रश्न रास्त होता.

त्या चार दिवसांत मी पुष्कळ शिकलो. पार्सल पोचवणाऱ्याला कामगार म्हणायचं नाही, पार्टनर म्हणायचं. पार्टनरला हबात खुर्ची नसते, पंखा फक्त टीम लीडरच्या टेबलावर असतो, गाडी पार्टनरची आणि पडला तर गुडघाही पार्टनरचाच. पण नुसतं पार्टनर म्हटलं की माणसाला बरं वाटतं, असं आम्हाला फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं.

मामा आमच्या पार्टनरांत वयानं सगळ्यांत मोठे. कसबा बावड्याच्या शेताकडच्या अंगाला राहायचे. तिकडच्या वस्त्यांवरची पार्सलं त्यांच्याकडे. आधीची कित्येक वर्षं त्यांनी त्याच रस्त्यांवरून दुधाच्या किटल्या वाहिल्या होत्या. आता त्याच फटफटीला, त्याच सायकलच्या ट्यूबनं, पार्सलांचं पोतं बांधायचे. कंपनीचा टी-शर्ट पांढऱ्या शर्टावरून चढवलेला. हेल्मेट काढलं की टोपी, टोपी काढली की टक्कल. तिघांनाही ते सारखंच जपत.

रोज सकाळी आमच्याकडे घोषणा द्यायची असते. पुण्याचे मोठे साहेब पडद्यावर दिसतात, मी ओरडायचं, "ग्राहक आनंदी!" आणि पार्टनरांनी ओरडायचं, "तर आम्ही आनंदी!" मामा त्या जागी छाती फुगवून "चांगभलं!" म्हणायचे. एवढ्या मोठ्यांदा, की बाकीचेही हळूहळू तेच म्हणायला लागले. पुण्याच्या साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, स्थानिक भाषांतर आहे, सर. त्यांनी कौतुक केलं. ते कौतुक मी घेतलं.

पत्त्यांचं तुम्हाला ठाऊक असेलच. तुम्हीही कधीतरी असा पत्ता लिहिलाच असेल. 'पाटील, मारुतीच्या देवळाजवळ.' मारुतीच्या देवळाजवळ सगळेच पाटील. 'कारखान्याच्या मागे, पाण्याच्या टाकीपासून पुढे, कुणालाही विचारा.' नकाशावर कुणालाही विचारा नावाची जागा सापडत नाही. मामा मात्र पत्ता वाचायचेच नाहीत. नाव बघायचे, डोळे जरा मिटायचे आणि खिशातल्या जाड पेनानं पार्सलावर काहीतरी लिहायचे. 'दूध.' 'शाळा सुटताना.' 'शनवार, देऊळ.' 'पिठाची गिरण.'

"मामा, हे काय लिहिताय?"

"येळ लिवतोय सायेब. पत्ता घराचा असतोय. माणसाची येळ असत्या."

हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. मी मान डोलवायचो आणि ऐकायचो नाही. त्यांच्या रस्त्यावरचं एकही पार्सल परत येत नव्हतं, याचंही मला नवल वाटलं नव्हतं. टीम लीडरला नवल फक्त लाल रंगाचं वाटतं, आणि मामांची ओळ पडद्यावर कायम हिरवी.

आता माझ्या हुशारीकडे येतो. पार्सल दिलं की पार्टनरनं फोनवर बटण दाबायचं. तेव्हा तो ग्राहकाच्या घरापासून किती लांब आहे ते कंपनीला दिसतं. पूर्वी ही मर्यादा सैल होती. ती आवळून अगदी दारापर्यंत आणावी, म्हणजे फसवेगिरी पकडता येईल, अशी सूचना एका हुशार माणसानं पुण्याला पाठवली. तो कोण हे सांगायला लाज वाटते. पुण्याहून अभिनंदनाचा मेल आला आणि मागोमाग दुसरा: तुमच्या हबातला एक पार्टनर रोज संध्याकाळी एकाच जागी उभं राहून वीस-वीस पार्सलं 'पोचली' म्हणून दाबतो. संशयास्पद.

मी फोटो उघडले. पार्सल दिल्यावर दाराचा फोटो काढावा लागतो. मामांच्या सगळ्या फोटोंत एकच निळं दार. एका फोटोत म्हशीचं शेपूट. दार निळं, पार्सलं वीस, माणसं वीस. अंगावर काटा आला. माझ्या कारकिर्दीतला पहिला घोटाळा!

मामांना बोलावलं. त्यांनी हेल्मेट काढलं, टोपी सारखी केली.

"हे दार कुणाचं?"

"दूध संस्थेचं."

"पार्सलं तिथं का देता?"

"समदी तितंच असत्यात की. दुपारी घरी कोण घावतंय? बाया रानात, गडी कारखान्यावर. सांच्याला दूध घालाय झाडून समदी येत्यात. येकदा या की सायेब माज्यासंगं, बगा तरी."

"मला इथं बसून सगळं दिसतं."

मामा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिसत आसंल. पर मला घरी बसवू नका. घरी बसलो की कारभारीण जुंधळं निवडाय देत्या, आनि चुकलं तर परत निवडाय लावत्या."

मला वाटलं, विनोद करून सुटू बघतोय. पडद्यावर तीन बटणं होती: समज द्या, आठवडाभर थांबवा, कायमचे बंद करा. तिसरं सगळ्यांत मोठं आणि लाल होतं. एवढं मोठं बटण कंपनीनं उगाच दिलं नसेल, असा मी विचार केला.

मामांनी टी-शर्ट तिथंच उतरवला. पांढऱ्या शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. टी-शर्टाची घडी घातली, तिच्यावर फोटोचं ओळखपत्र ठेवलं. कंपनीचं सिमही मी मागून घेतलं, नियमात होतं. जाताना ते बाकीच्या पार्टनरांकडे बघून हळूच म्हणाले, "चांगभलं." कुणी ओरडलं नाही.

त्या रस्त्यावर जायला दुसऱ्या दिवशी कुणीच तयार होईना. एकाची गाडी बिघडली, एकाची पाठ, एकाची सासू. शेवटी मीच पोतं बांधलं. पुण्यात शिकलेला माणूस, मला कसली अडचण?

नकाशानं मला पहिल्यांदा उसात नेलं. निळी रेघ उसातूनच जात होती. मी रेघेवर विश्वास ठेवून पहिल्या सरीपर्यंत गेलो, मग गाडी विश्वास ठेवेना. दुसऱ्या घरी कुलूप, तिसऱ्या घरी कुत्रं, चौथ्या घरी कुलूप आणि कुत्रं. पाचव्या ठिकाणी मी पाटलांचं पार्सल पाटलांना दिलं आणि छाती काढून निघालो. ते दुसरे पाटील होते. परत मागायला गेलो तेव्हा त्यातली साडी त्यांच्या सूनबाईंनी खांद्यावर टाकून बघितली होती आणि ती तिला शोभत होती, हे मला तीनदा मान्य करावं लागलं.

शिकलगार भाभींचं पार्सल मात्र तीन दिवस माझ्याबरोबर हिंडलं. भाभी शाळेचे गणवेश शिवतात आणि दारात एक म्हैस पाळतात. त्यांच्या मशीनची मोटर जळली होती, नवी माझ्या पोत्यात होती, आणि शाळा सोमवारी उघडणार होत्या. रोज दुपारी दोनला मी त्यांच्या दाराशी जायचो, दार वाजवायचो, फोनवर 'ग्राहक घरी नाही' दाबायचो आणि समाधानानं निघायचो. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"अवो, रोज दोन वाजता काय येतासा? मी बहिणीच्या मशीनवर शिवालोय हिकडं, गावात. सांच्याला दूध संस्थेत द्या की."

"तिथं देता येत नाही. नियम आहे."

"मामा द्यायचे."

"म्हणूनच मामा नाहीत."

मग भाभी म्हणाल्या, "सा वाजता या. आनि पोतं आना."

गेलो. निळ्या दारापुढे किटल्यांची रांग होती. दूध मोजणाऱ्या मशीनची घरघर, ओरडाआरडा, कुणाच्या तरी म्हशीचं शेपूट. आणि रांगेत माझे तीन दिवसांचे सगळे 'घरी नाही' उभे होते. दोन्ही पाटील. कुत्रेवाले. कुलूपवाले. कुलूपवाले तर रांगेत पहिले. रांगेच्या शेवटी पांढऱ्या शर्टात मामा, हातात छोटी किटली.

मी पोतं घेऊन मधोमध उभा. कुणाचं काय, मला कळेना. मामांनी किटली खाली ठेवली. पोत्याचं तोंड सोडलं, एकेक पार्सल वर काढून नाव पुकारायला लागले. "ए थोरल्या पाटला! आरं धाकट्या, तुजं न्हाय, हात मागं घे! भाभी, तुमची मोटर, जड हाय, हिकडनं धरा." टोपीखालचा चेहरा उजळला होता. मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, "सायेब, तुमी नुसतं दाबा."

मी दाबत गेलो. अर्ध्या तासात पोतं रिकामं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मला वाटलं माझ्यासाठी. तेवढ्यात माझा फोन वाजला: 'एकाच जागेवरून अनेक पार्सलं. संशयास्पद. आपल्या टीम लीडरशी संपर्क साधा.'

टीम लीडर मीच. मी माझ्याशी संपर्क साधला, स्वतःचं म्हणणं ऐकून घेतलं, मला ते पटलं, आणि पहिलं बटण दाबून मी मला समज दिली. तीन बटणांतलं पहिलंही बटणच असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पुढचा महिनाभर हे असंच चाललं. रोज सहाला मी पोतं आणायचो, मामा नावं पुकारायचे. आयडी नाही, टी-शर्ट नाही, कंपनीच्या लेखी तो माणूसच नाही. त्या महिन्यात आमच्या हबाला प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर माझं नाव होतं. मी ते मामांना दाखवायलाही घेऊन गेलो, यावरून माझी कल्पना करा. त्यांनी शर्टाला हात पुसून ते धरलं आणि म्हणाले, "कागूद झ्याक हाय."

पुण्याला मी मेल पाठवत होतो. बंद करायला एक बटण पुरलं होतं, उघडायला बटणच नव्हतं. अर्ज होता. अर्जाला उत्तर यायचं, 'आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' मामा कधीमधी विचारायचे, "काय म्हंत्यात?" मी म्हणायचो, "महत्त्वाची आहे म्हणतात." ते मान हलवायचे. नंतर विचारेनासे झाले.

मग त्या रस्त्याला नवा पार्टनर मिळाला. मी पंख्याखाली परतलो. नव्या पार्टनरला मी दूध संस्थेचं सांगितलं, ही पद्धत मीच शोधून काढल्यासारखं सांगितलं. दूध संस्थेत जाणं मात्र राहून गेलं. आज जाऊ, उद्या जाऊ. मामांना फोन लावावा तर त्यांचं सिम माझ्याच टेबलाच्या खणात.

काही महिन्यांनी, कशी कोण जाणे, विनंती मंजूर झाली. मी मेल छापून घेतला, खणातलं सिम घेतलं, घडी घातलेला टी-शर्ट घेतला आणि सकाळी अकरा वाजता मामांच्या घरी पोचलो. पत्ता अगदी बरोबर होता. नकाशानंही या वेळी उसात नेलं नाही.

दाराला कुलूप. मी कडी वाजवली. परत वाजवली. कुलपावर गंज धरायला लागला होता. उंबऱ्याशी वाऱ्यानं आणलेला पाचोळा तसाच पडून होता.

शेजारच्या बोळातून शिकलगार भाभी आल्या, गळ्यात मापाची टेप, हातात अर्धा शिवलेला गणवेश.

"कुणाला वाजवालाय?"

"मामांना. मंजूर झालं त्यांचं. परत घेतलं त्यांना."

भाभींनी कागद वाचला, टी-शर्टाकडे बघितलं.

"मामा गेले की मलकापूरला. लेकीकडं. दोगंबी. लई दिवस झालं. मी बसून काय करू म्हनाले. तितं लेकीच्या दुकानात बसत्यात, कोन कवा येतंय ते समदं पाठ झालंय म्हनं त्यास्नी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं कुनाला?"

मी टी-शर्ट हातात घेऊन उभा. सवयीनं फोन काढला, आणि अंगठा 'ग्राहक घरी नाही'कडे चालला होता ते भाभींनी बघितलं. त्या जवळ आल्या आणि माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटवर बोटाच्या पेरानं टक टक वाजवलं.

"सायेब, तुमी मानूस वाईट न्हाय," त्या म्हणाल्या. "पर कवाबी वाजवा, आत कुनी घावत न्हाय."