देवीपुढे झाकलेलं यंत्र

छोटे उद्योजक पेटंट का मागतात, या अभ्यासासाठी पुण्याहून निघाले तेव्हा उत्तर मला ठाऊकच होतं: नक्कल होऊ नये म्हणून, दुसरं काय! पनवेलच्या एसटी स्टँडवर उतरले. रिक्षावाल्याने भलत्याच कोळीवाड्यात नेऊन सोडलं आणि हिराबाईंचं खाडीकाठचं घर सापडेपर्यंत दुपार कलली.

हिराबाईंनी कोळंबी सोलायचं यंत्र बनवलं होतं. सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) करताना बायकांची बोटं सोलवटतात, ती वाचावीत म्हणून. अंगणात झेंडूची तोरणं होती, सगळी आळी जमली होती. इथे नवी होडी देवीला दाखवल्याशिवाय पाण्यात घालत नाहीत. यंत्रही तसंच संध्याकाळी सगळ्यांदेखत देवीपुढे मांडायचं होतं; तोवर ते आत घरातच होतं.

"पेटंटचा अर्ज केलात ना?" मी विचारलं.

"पुढच्या आठवड्यान करनार."

अर्जाआधी चारचौघांनी यंत्र पाहिलं तर ते नवं मानत नाहीत, पेटंट हातचं जाऊ शकतं, हे मी सांगताच हिराबाई ओट्यावर बसल्या.

"पन देवीला दाखवल्याबिगर चालू कसा करू? आनि ताई, उद्या कुनी शेठ पेटंटचा कागद घेवून आला, तुजाच यंत्र बंद कर बोलला, तर या बायांनी पुन्ना हातानंच सोलाची?"

"म्हणजे इतरांना बनवू देणार?"

"मग! कागद माज्या नावावर, यंत्र समद्यांचा."

हे उत्तर माझ्या प्रश्नावलीत नव्हतंच. माझा तोरा तिथेच उतरला.

तेवढ्यात त्यांच्या जाऊबाई कोरं हिरवं लुगडं घेऊन आल्या आणि आतलं यंत्र झाकूनच बाहेर आणवून सगळ्यांना म्हणाल्या, "अर्ज होईपरतं कुनी बघाचा नाय. देवीला झाकलेला पन दिसतं."

आरती झाली. बायका एकामागून एक लुगड्यावरच हळदकुंकू वाहत गेल्या. मधेच खाडीवरून वारा सुटला, लुगड्याचं टोक वर उडालं, आणि अख्ख्या अंगणाने तोंड फिरवलं. पोरांनीसुद्धा! पेटंटवर इतकं वाचलं होतं, पण असं काही पाहिलं नव्हतं.

तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण पोटभर जेवून मी परतले. सहकाऱ्यांनी विचारलं, यंत्र आहे कसं? मला सांगताच येईना. वारा सुटला तेव्हा मीही तोंड फिरवलं होतं.

पुढच्या आठवड्यात हिराबाईंचा फोन आला.

"ताई, अर्ज टाकला. आता तोंड इकडं करा."