नातसुनेची चाल मी वळखली

मैतरणींनो, आज लई खूश हाय!

नातसून रेखा कंपनीत उभ्यानं काम करती. सकाळी मासिक पाळीच्या दिसांत पाय फाकून चालताना दिसली. इचारलं, "अंग बाहेर येतंय व्हय?" पोर रडायलाच लागली.

पन्नासच्या सालांत, चाकणला कंपन्या न्हवत्या तवा, बाळंतपणात माझंबी अंग, म्हंजी गर्भपिशवी, खाली उतरलेलं. पाळीत गोठ्यात बसायचं. फडकं लपवून वाळवायचं, ते ओलंच राहायचं आन् उतरल्या अंगाला घासायचं. दावणीची गाय तरी हंबरायची, मला तोंड न्हवतं. सासू म्हणायची, "बदकावानी काय चालतीस?"

आज डॉक्टरीणबाईनं रेखाला अंग वर धरायला आतून रिंग बसवली. "आजी, आता पॅड घासत न्हाई!" म्हणत नीट चालत आली.

तुमच्या घरात कोण बदकावानी चालतंय? हसू नका, इचारा.