लहान राज्यातली दुपार

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी मी सातवीच्या मुलांना पुस्तकातला राज्यांचा आकडा खोडून पंचवीस लिहायला लावलं. मी भूगोल शिकवायचो. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, एवढंसं राज्य? आपल्या ठाणे जिल्ह्यात दोन मावतील." हिशेब बरोबर होता. मी त्याला शाबासकी दिली आणि विषय संपवला. सरकारने एखाद्या गोष्टीला दर्जा दिला की ती वाढत नाही, फक्त तिच्यापुढे व्यासपीठ येतं, हे सातवीत सांगण्यासारखं नव्हतं.

दोन वर्षांनी गोव्यातल्या फोंड्याहून पत्र आलं. कॉलेजातला एक मित्र तिथल्या मराठी शाळेचा मुख्याध्यापक झाला होता. भूगोलाची जागा रिकामी होती. मे महिन्यात सगळे या, आठवडाभर राहा, आवडलं तर जूनपासून रुजू व्हा, असं त्याने लिहिलं होतं.

हे पत्र आमच्या घरात का महत्त्वाचं होतं ते सांगायला हवं. आम्ही भिवंडीत, धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत, दुकानांच्या वर राहत होतो. चौऱ्याऐंशी साली दंगल झाली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. घरात खिडकी नसलेली जागा एकच, मोरी. तिथे आम्ही तिघं दोन दिवस बसलो. आमच्या घराला काही झालं नाही. लोक हे वाक्य फार समाधानाने म्हणतात, मीही म्हणत असे. पण त्यानंतर मुलगी एकटी दाराबाहेर पडेना, आणि शटरचा आवाज आला की ती मोरीत जाऊन बसे.

शटरचा आवाज आम्हालाही कळू लागला होता. एक शटर पडलं तर मालक जेवायला किंवा नमाजाला गेला. दोन-तीन पडली तर कुठेतरी भांडण आहे, बघून येऊ. पण नाक्याकडून आपल्याकडे एकामागून एक शटरं धडाधड पडत आली की काहीही न विचारता आत यायचं. मग प्रत्येकाचं काम ठरलेलं. बायको पिंप आणि बादल्या भरायची, मी दूध-पाव आणायला खाली धावायचो, मुलगी मोरीत. बहुतेक वेळा ती नुसती अफवा निघायची. कोणीतरी कोणालातरी मारलं म्हणे, कोणीतरी कुठूनतरी निघालंय म्हणे. तासाभराने एक शटर अर्धं वर जायचं, त्याखालून एक डोकं बाहेर यायचं. कधी ते डोकं दुसऱ्या दिवशी यायचं. कधी येईल ते सांगता येत नसे, आणि भीती सगळी त्यात होती.

म्हणून बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि माळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली.

घरमालक खाली ओट्यावर बसलेले असत. शेती विकून त्यांनी तीन चाळी बांधल्या होत्या. ट्रंक बघून म्हणाले, "मास्तर, गोव्याला? काय हाय तिकडं?"

"शांतता आहे म्हणतात."

"शांतता हाय, पन करनार काय तिचं? आठ दिवसांत आख्खं राज्य बघून होल. नवव्या दिवशी काय करनार? वहिनी, तुम्ही तं याड लागून परत याल. पोरगी पन कंटालंल."

"कंटाळू दे की," बायको म्हणाली. "कंटाळ्याने कोणी मरत नाही."

"आमची आत्या मेली ना!" ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

फोंड्यात मित्राने बाजारातल्या एका दुकानावरची खोली बघून ठेवली होती. सकाळी पोचलो. त्याने आम्हाला खोलीवर सोडलं आणि संध्याकाळी येतो म्हणून शाळेत गेला. बायकोने केस धुतले. मुलगी खिडकीत उभी राहून खाली चाललेली माशांची विक्री बघत होती. खिडकीत उभी असलेली मुलगी मी पाच वर्षांनी पाहत होतो.

एक वाजायला आला आणि पहिलं शटर पडलं. मग दुसरं, तिसरं, समोरच्या रांगेतली चार, आमच्या खालचं, आणि पुढे कोपऱ्यापर्यंत सगळी. दोन मिनिटांत रस्ता रिकामा झाला. स्कूटरसुद्धा थांबल्या.

"आत," बायको म्हणाली. मुलगी आधीच बाथरूममध्ये गेली होती. बायकोने ओले केस तसेच वर बांधले आणि नळ सोडला. तिथे एकच बादली होती. ती भरल्यावर तिने तांब्या, दोन पेले आणि माझा दाढीचा मग भरला. मी चपला न घालता खाली धावलो. पाववाला शेवटची फळी लावत होता.

"काय झालं? कुठे झालं?" मी विचारलं.

"कितें कुठे?"

"गडबड कुठे झाली?"

त्याने माझ्या पायांकडे बघितलं. "गडबड ना मरे. एक वाजलो. जेवपाक वतां."

"सगळेच?"

"सगळेच जेवतात," तो म्हणाला. "चारांक येयात."

मी वर येऊन सांगितलं तर बायकोने नळ बंद केला नाही. "तुम्हाला काय माहीत? चौऱ्याऐंशी सालीही आपल्या खालचा पानवाला काही नाही म्हणाला होता."

"अगं, ते जेवायला गेलेत."

"सगळं गाव एकदम जेवायला जातं?"

एक अख्खं गाव रोज मनाच्या खुशीने शटर पाडून झोपतं, हे भिवंडीतल्या माणसाला पटवणं मला जमेना, कारण मलाही ते पुरतं पटलं नव्हतं. मी दाराला आतून कडी घातली. पुस्तकात वाचलं होतं की तिथे दुपारची झोप घेण्याची रीत आहे. पुस्तकातलं ज्ञान अशा वेळी दाढीच्या मगातल्या पाण्याइतकंच उपयोगी पडतं. आम्ही दोघं पलंगावर बसून राहिलो. चार वाजता खालचं शटर वर गेलं, कोणीतरी रेडिओ लावला, मासेवालीचा आवाज आला. बायको हसायला लागली आणि हसता हसता रडली. मुलगी बाथरूममधून बाहेर आली नाही. साडेपाचला मित्र आला, त्याला हे सगळं सांगितलं. तो खूप हसला. मग त्याने बाथरूमचं बंद दार पाहिलं आणि हसणं आवरलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बायको आणि मी एक वाजता जेवून चक्क आडवे झालो. मुलगी मात्र पावणेएकलाच उशी आणि गोष्टीचं पुस्तक घेऊन बाथरूममध्ये जायची आणि चारला बाहेर यायची. न बोलता, न रडता. आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येणारी वेळ इथे रोज घड्याळ लावून येत होती.

चौथ्या दिवशी मित्राने मला एका समारंभाला नेलं. रस्त्याकडेच्या बसथांब्यावर पत्र्याची शेड बांधली होती, तिचं उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते होतं. लहान राज्यात मंत्री कमी नसतात, जागा कमी असते, त्यामुळे ते वरचेवर भेटतात. शेडमध्ये चार माणसं मावत होती, व्यासपीठावर अकरा बसली होती. मंत्र्यांनी या शेडचा राज्याच्या उज्ज्वल भवितव्याशी संबंध जोडला. त्यात दोन बसेस निघून गेल्या, कारण थांब्यावर व्यासपीठ होतं. मी शेवटच्या रांगेत बसून विचार करत होतो, हे मी तीस वर्षं बघणार का? तीच अकरा माणसं, तेच हार, एक वाजता गाव बंद. माझ्या वाचनालयाचं काय, नाक्यावरच्या चहाचं काय, रोज नवीन काहीतरी कानावर पडायची सवय लागली आहे तिचं काय? मला घाम आला. तो मे महिन्याचा आहे असं मी समजलो.

त्या दिवशी रस्त्यावर सामसूम असताना मी बायकोला म्हटलं, "हिला इथे आणून चालणार नाही. बघतेस ना? रोज तीन तास."

"उलट इथेच आणायला हवी," ती म्हणाली. "रोज एकला पडतात आणि रोज चारला उघडतात. हे तिला वर्षभर रोज दिसू दे. आपल्याकडे पडली की कधी उघडतील ते कोण सांगतं?"

तिच्या मुद्द्याला बगल देऊन मी बराच वेळ बोललो. मराठी शाळांचं भवितव्य, मुलीचं पुढचं शिक्षण, आपल्या लोकांपासून लांब राहणं. बायकोने ऐकून घेतलं. भिवंडीला परतल्यावर मी मित्राला नकार कळवला. कारण लिहिलं : मुलीला तिथली हवा मानवत नाही. पोस्टकार्ड बायकोने वाचलं. म्हणाली, "तिचं नाव कशाला घातलंत?" त्यानंतर तीन वर्षं तिने हा विषय काढला नाही.

त्या तीन वर्षांत मुलगी बरीच सावरली. आधी शेजारच्या दारापर्यंत, मग शाळेच्या रिक्षापर्यंत, मग मैत्रिणीबरोबर नाक्यापर्यंत. मी मनातल्या मनात त्याचं श्रेय घेऊ लागलो. ब्याण्णवच्या डिसेंबरात ती बारा वर्षांची होती. रविवार होता. परीक्षेच्या अभ्यासाला ती भिवंडीतल्याच नारपोलीला मैत्रिणीकडे गेली होती, पहिल्यांदाच एकटी, शेअर रिक्षाने. दुपारनंतर अयोध्येची बातमी आली. आधी रस्त्यावर माणसं घोळक्याने उभी राहिली. मग नाक्याकडून शटरं पडत आली.

बायको पिंपाशी गेली नाही. जिन्यात उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती काय बोलत नाही ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

रिक्षा बंद होत्या. मी चालत निघालो. नारपोलीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. इतकी वर्षं त्या खटाखटीला मी शिव्या घातल्या होत्या. एकेक कारखाना बंद पडत होता आणि मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू यायला लागला. समोरून येणारी माणसं एकमेकांकडे न बघता भराभर जात होती. मी मुलीला मारून टाकलं, हे एकच वाक्य पायांच्या तालावर डोक्यात चाललं होतं. एका बसशेडला हसलो आणि मुलीला मारलं.

मैत्रिणीच्या घराला कुलूप होतं. शेजारचं दार फटीएवढं उघडलं. "ते लोक मघाशीच कल्याणला गेले, त्यांचे मामा न्यायला आले होते. तुमची मुलगी? ती तर त्याआधीच निघाली. घरी जाते म्हणाली." दार बंद झालं.

येताना वाटेत ती मला दिसली नव्हती. परत फिरलो. आता प्रत्येक गल्लीत वाकून बघत होतो, हाक मारायला भीत होतो. मराठी नाव मोठ्याने घ्यावं की नाही, हे ती गल्ली कोणाची त्यावर ठरणार होतं. शेवटी एका कारखान्याच्या शटरमागे मला लहान मुलं कुजबुजल्यासारखं वाटलं. मी शटरवर टकटक केली. आत एकदम शांत झालं.

"कौन?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

"लडकी ढूंढ रहा हूँ. बारा साल की. मास्तर हूँ मैं."

मग शटरच्या अगदी जवळून, खालून, माझ्या मुलीचा आवाज आला. "बाबा, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही गं."

"नक्की? मागे बघा."

मी मागे बघितलं. रस्ता रिकामा होता. "कोणी नाही."

मग तिने आत सांगितलं, "खोलो चाचा, मेरे बाबा हैं." शटर वीतभर वर गेलं आणि ती खालून सरपटत बाहेर आली. शटर पुन्हा खाली आलं. त्या म्हाताऱ्याचा चेहरा मी पाहिलाच नाही.

वाटेत तिने सांगितलं, रिक्षा मिळेना म्हणून ती चालत निघाली होती, शटरं पडायला लागल्यावर रस्त्यावरची सगळी मुलं पळत होती, त्या चाचांनी पाच जणांना आत ओढलं. तिघं अगदी लहान होती, रडत होती. "मी त्यांना गोष्ट सांगितली," ती म्हणाली. तिचा हात माझ्या हातातून सारखा निसटत होता.

"आपण फोंड्याला गेलो असतो तर," मी म्हणालो. मला ते कोणालातरी सांगायचं होतं.

"मला तिथे आवडायला लागलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाही."

त्या डिसेंबरात भिवंडीत काही झालं नाही. आजूबाजूला जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पोलीस आणि मोहल्ल्यातले लोक कोपऱ्याकोपऱ्यावर खुर्च्या टाकून चहा पीत बसले, आणि शहर तगलं. नंतर त्याबद्दल सत्कार झाला. शाली, श्रीफळं, मोठं व्यासपीठ. त्यावर बसलेल्यांपैकी मला एकही माणूस त्या खुर्च्यांवर आठवत नव्हता. मला आभारप्रदर्शन करायला सांगितलं होतं. घसा बसला असं कळवून मी घरी राहिलो.

घरी बसून मित्राला पत्र लिहिलं. पहिले दोन कागद फाडले, कारण दोन्हींत कारण म्हणून मुलगीच येत होती. तिसऱ्यावर लिहिलं : त्या वेळी मला कंटाळ्याची भीती वाटली म्हणून आलो नाही, दोष तिच्यावर टाकला. आता दुसरी भीती वाटते आहे, आणि ती मोठी आहे. जागा आहे का?

महिन्याभराने उत्तर आलं. जागा केव्हाच भरली होती. जो आला तो रमला होता, त्याने घरही बांधायला घेतलं होतं. दुसरीकडे काही निघालं तर कळवीन, असं मित्राने लिहिलं होतं. मी ते दोघींना वाचून दाखवलं. खाली कुठेतरी एक शटर पडलं. आम्ही तिघंही थांबलो. दुसरं पडलं नाही.

"मग आता?" मुलीने विचारलं.

"आता काय," बायको म्हणाली. "ताटं घे."